जिम जिथे ऐकतो, तिथे नाटक आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातला आठ जणांचा हौशी नाट्यगट आहे. ‘ट्रेझर आयलंड’ ही चाच्यांची गोष्ट तुम्हाला जुन्या अमेरिकन रेडिओ-नाटकाच्या पद्धतीनं रंगमंचावर करायची आहे. म्हणजे नट माइकपुढे उभे, हातात संहिता, आणि सगळे आवाज प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत टेबलावर काढायचे. पुस्तक ३४ प्रकरणांचं, प्रयोग सव्वा तासाचा. काय ठेवायचं, काय गाळायचं, आवाज कशाकशातून काढायचे, आणि हे सगळं साध्या अभिवाचनासारखं कोरडं तर होणार नाही ना, अशी धास्ती.

धास्ती योग्य आहे. मी बरीच वर्षं श्रुतिकांमधून आवाज दिला, मग रंगमंचावर या पद्धतीचे प्रयोग बसवले, आणि त्यातले दोन याच गोष्टीचे. पहिला फसला. फसला तो कोरडेपणामुळे नाही, उलट कारणानं. आम्ही नव्वदच्या वर आवाज काढले होते. दार, पाऊल, पेला, पिस्तूल, वारा, पक्षी, सगळं. प्रेक्षक खूश होते, टेबलाकडे बोटं दाखवत होते. आणि आंधळ्या चाच्याची, प्यूची, काठी वाजायला लागली, जिथे सभागृहातल्या प्रत्येकाचा श्वास अडकायला हवा होता, तिथे पुढच्या रांगेतले लोक माना उंचावून काठी कोण आपटतंय ते बघत होते. प्रयोगानंतर एक बाई आवर्जून भेटायला आल्या. म्हणाल्या, ‘आवाज फार सुंदर काढता तुम्ही. ती गोष्ट मात्र मला नीटशी लागली नाही.’ त्या रात्री मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि पेन्सिल घेऊन फक्त एकच खूण करत गेले: गोष्ट सांगणाऱ्या पोराला, जिम हॉकिन्सला, एखादी गोष्ट दिसत नाही, नुसती ऐकू येते, अशा जागा.

त्या जागा मोजल्या आणि मला माझी संहिता सापडली. स्टीव्हन्सननं ही गोष्ट १८८१ साली लिहायला घेतली आणि ती मुलांच्या साप्ताहिकात छापून येऊ लागली, तेव्हा रेडिओ कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तरी तिचे कणे सगळे कानाचे आहेत. रात्री गोठलेल्या रस्त्यावरून जवळ येणारी आंधळ्याची काठी. सफरचंदाच्या पिंपात अंधारात बसलेला जिम आणि बाहेर बोलणारा चाच्यांचा म्होरक्या सिल्व्हर. काळोख्या ओंडक्यांच्या घरात अचानक किंचाळणारा सिल्व्हरचा पोपट. खजिन्याच्या वाटेवर झाडांतून येणारा मेलेल्या कप्तान फ्लिंटचा आवाज. आणि पुस्तकाचं शेवटचं वाक्यसुद्धा पोपटाच्या ओरडण्यावरच संपतं. या पाच जागा खांबासारख्या उभ्या करा. बाकी सगळं त्यांच्यामधलं अंतर आहे, ते निवेदनातून झपाझप ओलांडा.

अभिवाचन आणि हे, यांत फरक इथेच पडतो. अभिवाचनात श्रोता शब्दांमागे जातो. इथे तो जिमच्या कानात जाऊन बसला पाहिजे. जिमला जे जवळ ते त्याला जवळ, जिमला जे लांब ते त्याला लांब.

हा प्रकार मुळात जिथला आहे तिथलं थोडं सांगते, कारण त्यांच्या चालीरीतींमागे कारणं होती आणि ती कळली की नक्कल करावी लागत नाही. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये सीबीएस रेडिओनं तेवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सला आणि त्याच्या मर्क्युरी थिएटरला दर आठवड्याला एक तास दिला. ११ जुलैला पहिलं नाटक झालं, आणि १८ जुलैला दुसरं, ते ‘ट्रेझर आयलंड’. (मंगळावरून आलेल्यांच्या ज्या नाटकानं गोंधळ माजवला ते याच मंडळींचं, त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरचं.) मालिकेचं सुरुवातीचं नावच ‘फर्स्ट पर्सन सिंग्युलर’ होतं, म्हणजे प्रथमपुरुषी एकवचन. गोष्ट ‘मी’च्या तोंडून सांगायची, हीच त्यांची पद्धत. मोठा झालेला जिम सांगतो आणि मधेच त्याच्या आठवणीतला प्रसंग जिवंत होतो. वेल्स स्वतः मोठा जिमही होता आणि लाँग जॉन सिल्व्हरही. लहान जिमसाठी खराखुरा पोरवयातला नट घेतला होता. हा सगळा तास थेट प्रक्षेपित व्हायचा, वाद्यवृंद तिथेच बसलेला, आवाजांचं टेबल तिथेच. सीबीएसच्या ध्वनिपरिणामांच्या विभागाची प्रमुख ओरा निकोल्स नावाची बाई होती. ती मूकपटांच्या थिएटरातून आलेली, पडद्याकडे बघून वाद्यं वाजवण्याची सवय असलेली. म्हणजे आवाज काढणारा माणूस तिथे मेकॅनिक नव्हता, वादक होता. तुमच्या आठ जणांमध्ये हे काम कुणाला द्यायचं ते यावरून ठरवा. ज्याला अभिनय जमत नाही त्याला नका देऊ. ज्याला ताल कळतो त्याला द्या. भजनात टाळ किंवा तबला वाजवणारा कुणी असेल तर तो आधी बघा.

आता संहिता. मूळ पुस्तकावर हक्काचा प्रश्न नाही. स्टीव्हन्सन १८९४ मध्ये वारला. पण मराठीत झालेल्या अनुवादांवर त्या त्या अनुवादकांचा हक्क असू शकतो, म्हणून मुळावरून स्वतःच लिहा. मर्क्युरीचं ध्वनिमुद्रण ऐका जरूर, त्यांची संहिता मात्र उचलू नका. तुमच्या गावाच्या कानाला ती बसणारही नाही. तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर इतर नाटकांप्रमाणेच संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागेल, त्याचा वेळ हाताशी ठेवा.

काय गाळायचं? पहिली कात्री डॉक्टर लिव्हसीच्या तीन प्रकरणांना. १६, १७ आणि १८ ही प्रकरणं जिम सांगत नाही, डॉक्टर सांगतो. वाचताना ते चालतं, कारण वर मथळा असतो. कानाला मथळा नसतो. ‘मी’ म्हणणारा आवाज मधेच बदलला की लोक पाच मिनिटं हरवतात आणि ती पाच मिनिटं परत मिळत नाहीत. दुसरी कात्री लढाईला. गढीवरचा हल्ला वाचायला थरारक आहे, पण आवाजात लढाई म्हणजे नुसता गलबला. कोण कुणाला मारतंय ते कळत नाही. आमच्या दुसऱ्या प्रयोगात ती सगळी लढाई मोठ्या जिमच्या चार वाक्यांत आणि एका गोळीत संपते. एकच गोळी, आणि तिच्यानंतर शांतता. तिसरी कात्री मोहाची आहे: इस्राएल हँड्स या चाच्याचा आणि जिमचा जहाजावरचा झगडा. फार चांगला प्रसंग आहे, पण तो डोळ्यांचा आहे. जिम डोलकाठीवर चढतो, खालून हँड्स सुरा तोंडात धरून येतो. आवाजात तो उभा करायला इतकं वर्णन लागतं की धाप लागते. सव्वा तासात मी तो ठेवला नाही, दोन तास असते तर ठेवला असता.

पात्रांची गर्दीही कमी करा. एका वेळी माइकवर तीन, फार तर चार आवाज. जमीनदार ट्रेलॉनी, डॉक्टर लिव्हसी, कप्तान स्मॉलेट हे तिघे सभ्य गृहस्थ एका प्रसंगात आले की कानाला एकच माणूस बोलतोय असं वाटतं. त्यांना आवाजाच्या पट्टीनं वेगळं करू नका, वेगानं करा. ट्रेलॉनी वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करतो. डॉक्टर सावकाश, प्रत्येक शब्द तपासून. स्मॉलेट तोडून, एकेक वाक्य चार शब्दांचं. आणि प्रत्येक पात्र पहिल्यांदा बोलतं तेव्हा पहिल्या दोन ओळींत कुणीतरी त्याचं नाव घेतलं पाहिजे. आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये ‘टेकाडे भावजी’ अशी हाक आली की घराघरात चेहरा उभा राहायचा. ती हाक केवळ लाडाची नव्हती, ते श्रुतिकेचं तंत्र होतं.

सिल्व्हरबद्दल दोन गोष्टी आग्रहानं सांगते. पहिली: त्याला लाकडी पाय नाही. चित्रांमधून तो गैरसमज पसरलाय. पुस्तकात त्याचा डावा पाय मांडीपासूनच कापलेला आहे आणि तो काखेत कुबडी धरून पक्ष्यासारखा उड्या मारत चालतो. म्हणजे त्याच्या चालण्याचा आवाज ‘ठक-ठक’ नाही. ‘ठक’, मग एका पावलाचा दबका आवाज, मग पुन्हा ‘ठक’. असमान. ब्रिस्टलच्या खाणावळीत लाकडी जमिनीवर तो आवाज ठणठणीत ऐकवा, गलबताच्या डेकवर ऐकवा, लोकांच्या कानात मुरू द्या. आणि बेटावर, वाळूत, तो आवाज पूर्ण काढून घ्या. सिल्व्हर येतो आणि आपल्याला आधी कळत नाही. आमच्याकडे त्या जागी लोक दचकले, आणि त्यासाठी आम्ही काहीच केलं नव्हतं, फक्त एक आवाज थांबवला होता.

दुसरी: त्याला खलनायकी हसू देऊ नका. तो गोड बोलतो. जिमशी बोलताना त्याच्या मराठीत ‘पोरा’, ‘बाळा’, ‘माझ्या राजा’ असं काहीतरी मायेचं असावं. पिंपातल्या जिमला खरा धक्का बसतो तो कटाचा नाही. जे लाडाचे शब्द सिल्व्हरनं त्याच्यासाठी वापरले, तेच शब्द तो आता दुसऱ्या तरुण खलाशाला फितवताना वापरतोय, हे ऐकल्याचा तो धक्का आहे. स्टीव्हन्सननं हे स्पष्ट लिहिलंय. तेव्हा तुमच्या संहितेत आधी दोन-तीनदा जिमशी बोलताना एखादा विशिष्ट शब्द पेरा, आणि पिंपाच्या प्रसंगात नेमका तोच शब्द दुसऱ्याला बहाल करा. श्रोत्याच्या पोटात खड्डा पडतो.

बाकी खलाशांना मालवणी किंवा आगरी बोली देण्याचा मोह होईल. मी दिली नाही. लोक लगेच आपल्या किनाऱ्यावर येतात आणि हसायला लागतात, तर गोष्ट ब्रिस्टलहून निघालेल्या इंग्रजी गलबताची आहे. ती तिथेच राहू द्या. शब्द मात्र आपले वापरा: गलबत, शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, तांडेल. ते इतके भरीव शब्द आहेत की समुद्राचा अर्धा आवाज तेच करतात.

पोपटाच्या ओळीवर आम्ही चार तालमी घालवल्या. मुळात तो ‘पीसेस ऑफ एट’ ओरडतो, म्हणजे आठ रियाल किमतीचं स्पॅनिश चांदीचं नाणं. ‘आठाची नाणी’ करून पाहिलं. ‘णी’ मऊ पडतो, किंचाळता येत नाही. शेवटी ‘आठ रियाल! आठ रियाल!’ ठेवलं. ‘ठ’चा ठोका बसतो आणि ‘याल’ हवा तितका ताणता येतो. अर्थही मुळाबरहुकूम. कानासाठी लिहिताना शब्दकोशातला अर्थ पुरत नाही, ओळ तोंडात घोळवून बघावीच लागते.

आता टेबल. तुम्ही विकत काय घ्यायचं विचारलंय. जवळजवळ काही नाही. जुन्या अमेरिकन स्टुडिओत घोड्यांना नारळाच्या करवंट्या, आगीला चुरगळलेला सेलोफेन, बर्फावरच्या पावलांना पिशवीतलं कॉर्नफ्लोअर (मक्याचा स्टार्च) असायचं. करवंट्या आणि चुरचुरीत कागद आपल्या घरात आहेतच. लाटांसाठी बांबूचं सूप घ्या, त्यात दोन मुठी ज्वारी, आणि पाखडल्यासारखं नाही, नुसतं कलतं करत सावकाश इकडून तिकडे. दाणे एका कडेला जाऊन थांबतात त्या क्षणी लाट किनाऱ्याला लागते. तांदूळ फार बारीक वाजतो, पावसासारखा. गलबताची कुरकुर आम्ही महिनाभर शोधत होतो. सापडली ती एका जुन्या वाड्यातल्या झोपाळ्याच्या पितळी कड्यांत. तेल न घातलेली कडी, तिला हातानं हळूहळू पीळ द्यायचा. त्याखाली सूप सुरू ठेवलं की डोळे मिटून उभं राहिलेल्या माणसाचे पाय डुगडुगतात. शिडासाठी ताडपत्रीचा तुकडा दोघांनी ताणून झटकायचा. नाण्यांना आजची स्टीलची नाणी अजिबात नकोत, ती किणकिणतात. सोनं जड असतं, त्याचा आवाज बसका. हार्डवेअरच्या दुकानातून जाड पितळी वॉशर किलोभर आणा आणि जाडाभरड्या कापडी पिशवीत भरा. गोळीसाठी रेक्झिनच्या गादीवर चपटी वेताची छडी. तोफेला ढोल, पण माइकपासून लांब, विंगेत.

संगीतासाठी वाद्यवृंद नाही म्हणून हळहळू नका. पेटी पुरते. खलाशांच्या हातात असायची ती कॉन्सर्टिना आणि आपली पेटी एकाच घराण्यातली, भात्याच्या हवेनं धातूची पट्टी कंप पावणारी. पेटीवर ठाय लयीत दोनच सूर धरले तरी समुद्राचा एकटेपणा येतो. दोन प्रसंगांमध्ये पाच-सात सेकंद वाजवा, तोच पडदा. ‘मेलेल्या माणसाची पेटी’ या अर्थाचं जे खलाशी गाणं गोष्टीत पुन्हा पुन्हा येतं, त्याच्या पुस्तकात मोजक्याच ओळी आहेत आणि चाल दिलेलीच नाही. तुमची चाल तुम्ही बांधा, मात्र ती श्रमगीताची हवी. नांगर उचलताना खलाशी ती गातात. नांगराच्या चरकाचे दांडे रेटताना जिथे जोर लागतो तिथे सम.

आणि रेकॉर्ड केलेले आवाज? लॅपटॉपवरून वाजवू नका, असं मी स्पष्ट सांगेन. प्रेक्षकानं या प्रकाराशी जो करार केलेला असतो, की हे सगळं माझ्यासमोर हातांनी घडतंय, तो एका क्लिकनं मोडतो.

माइक. जुन्या फोटोंत दिसतो तो मोठा कॅप्सूलच्या आकाराचा माइक म्हणजे आरसीएचा ४४. तो रिबन माइक पुढून आणि मागून ऐकायचा, दोन्ही बाजूंनी बहिरा. म्हणून नट समोरासमोर उभे राहत, आणि पात्र लांब गेलं असं दाखवायचं तर नट नुसता कडेला सरकायचा. आज भाड्यानं मिळणारा माइक फक्त पुढून ऐकतो. समोरासमोर उभे राहिलात तर एक जण ऐकूच येणार नाही. तिघांनी अर्धवर्तुळात उभं राहायचं, आणि लांब जाण्यासाठी दीड पाऊल मागे घेऊन मान वळवायची. नटांना तीन माइक, टेबलाला एक, पेटीला एक. टेबलावर जाड घोंगडी अंथरा, नाहीतर प्रत्येक वस्तू ठेवतानाचा आवाज गोष्टीत शिरतो. संहितेची पानं स्टेपल करू नका. एकाच बाजूला, मोठ्या टायपात छापा, आणि पान संपताना वाक्य संपलं पाहिजे. कडक बाँड पेपर करकरतो, मऊ कागद घ्या. वाचून झालेलं पान त्या काळी नट सरळ खाली गालिच्यावर सोडून देत, तेही या करकरण्याच्याच भीतीनं.

आवाज आणि ओळ यांच्या क्रमाबद्दल एक नियम. आवाज ओळखीचा असेल तर तो आधी आणि शब्द नंतर, किंवा शब्द नकोच. दार वाजल्यावर ‘कुणीतरी दार वाजवतंय’ हे वाक्य खोडा. आवाज फसवा असेल तर शब्द आधी. पाऊस आणि भजी तळणं माइकवर सारखंच ऐकू येतं. म्हणून आधी कुणीतरी आभाळाकडे बघून बोललं पाहिजे, मग सूप.

आता प्यूच्या काठीचा प्रसंग आम्ही शेवटी कसा बसवला ते सविस्तर सांगते, कारण त्यात सगळं येतं. दुपारी प्यू पहिल्यांदा येतो, बोलतो, जिमचा दंड पिरगाळतो, निघून जातो. हा भाग पूर्ण उजेडात. काठी कुठली आहे, फरशी कुठली आहे, हे लोकांनी पोटभर बघू दे. लोखंडी टोपी बसवलेली सागाची काठी, शहाबादी फरशीचा दीड फुटी तुकडा, खाली घडी केलेलं गोणपाट. त्यांची उत्सुकता तिथेच भागते. मग रात्र. जिम आणि त्याची आई त्यांच्या खाणावळीत राहून मेलेल्या बिली बोन्स या जुन्या चाच्याची पेटी उघडून नाणी मोजतायत. आई हट्टानं फक्त आपलं देणं तेवढंच घेणार, एक छदाम जास्त नाही, आणि तिला फक्त गिनीच मोजता येतात, बाकी नाणी देशोदेशीची. पिशवीतून वॉशर एकेक, सावकाश. आई आकडा म्हणते. आणि तिच्या एका आकड्यावर रंगमंचावरचे सगळे दिवे बंद.

काळोखात मोजणं सुरूच. पहिले चार ठोके टेबलावरचे नाहीत. ते विंगेतून, दुसऱ्या फरशीवर, माइकशिवाय. इतके बारीक की प्रेक्षकाला वाटावं आपल्यालाच भास झाला. जिम म्हणतो, ‘आई, थांब.’ ती थांबत नाही. मग टेबलावरची फरशी, माइकच्या जवळ. आंधळ्याची काठी घड्याळासारखी चालत नाही. तीन ठोके भरभर, मग थांबा, कारण तो चाचपतोय, मग एक. हा ताल वादकालाच कळतो. नाण्यांचा आवाज एकदम थांबतो. ठोका लाकडावर: थेट दारावर. कडी फिरते. अडसर हादरतो. हे सगळं पुस्तकात आहे, याच क्रमानं. आणि मग पुस्तक म्हणतं, आत आणि बाहेर बराच वेळ शांतता.

त्या शांततेचे आम्ही नऊ सेकंद मोजायचो. तालमीत नटांना ते सहन व्हायचं नाही, कुणीतरी श्वासाचा आवाज करायचं, कुणी नाणं सरकवायचं. मी सगळं काढायला लावलं. नऊ सेकंद साडेतीनशे माणसं काळोखात बसतात आणि खोकतसुद्धा नाहीत, हा अनुभव तुमच्या गटाला एकदा तरी मिळायला हवा. मग काठी पुन्हा सुरू होते आणि दुसऱ्या विंगेतून, माइकशिवाय, विरत जाते. काळोखात वस्तू सापडायला हव्यात म्हणून टेबलावरच्या त्या चार वस्तूंच्या कडांना रेडियमची पट्टी लावा, आणि किमान पाच तालमी डोळ्यांना फडकं बांधून करा.

पिंपाचा प्रसंग यापेक्षा सोपा, पण एक चूक हमखास होते. लोक जिमचा आवाज घुमवतात, कारण तो पिंपात आहे. उलट करा. आपण जिमच्या कानात आहोत, म्हणजे जिम अगदी जवळ, ओठ माइकला टेकलेले, कुजबुज. बाहेरचे चाचे दबलेले, माइककडे पाठ करून. सिल्व्हर कुणालातरी सफरचंद काढायला सांगतो, तो माणूस उठतो, त्याचा पाय सरकल्याचा आवाज येतो, आणि तिथे पुन्हा शांतता, या वेळी तीनच सेकंद. मग हँड्सचा आवाज: सफरचंद राहू दे, रम काढ.

ओंडक्यांच्या घरातल्या प्रसंगाची किल्ली एका बारीक आवाजात आहे. जिम काळोखात आत शिरतो, त्याला घोरणं ऐकू येतं आणि मधूनमधून काहीतरी टोचल्यासारखा ‘टिक टिक’ आवाज, ज्याचा त्याला अर्थ लागत नाही. तो पोपट असतो, झाडाच्या सालीला चोच मारणारा. दालचिनीचा जाड तुकडा नखानं टोकरा, माइकच्या अगदी जवळ. लोकांनाही अर्थ लागू देऊ नका. मग किंकाळी: ‘आठ रियाल!’

आणि झाडांतला आवाज. चाचे खजिन्याच्या वाटेवर असताना मेलेल्या फ्लिंटचं गाणं ऐकू येतं आणि त्यांचे पाय लटपटतात. सिल्व्हरही घाबरतो, पण मग त्याचं डोकं चालतं: या आवाजाला प्रतिध्वनी होता. भुताला सावली नसते, तर प्रतिध्वनी कुठून येईल? संपूर्ण पुस्तकात आवाजाबद्दलचा इतका नेमका विचार दुसरा नाही, आणि तो पात्राच्या तोंडी आहे. म्हणजे प्रतिध्वनी खरोखर ऐकू यायलाच हवा, नाहीतर सिल्व्हरची हुशारी हवेत राहते. साउंडवाल्याला इको लावायला सांगू नका. हा आवाज खरं तर बेटावर एकट्या राहिलेल्या बेन गनचा. त्याचं काम करणाऱ्या नटाला सभागृहाच्या मागच्या दारात, प्रेक्षकांच्या पाठीशी उभं करा, माइक न देता, आणि त्याला रिकाम्या रांजणात तोंड घालून गाऊ द्या. सगळं सभागृह मागे वळून बघतं. आम्ही प्रयोगाच्या आधी प्रत्येक हॉलमध्ये रांजण कुठे ठेवला की भिंत उत्तर देते ते तपासायचो. काही ठिकाणी जिन्याखाली, एका ठिकाणी तिकीटखिडकीपाशी.

तालमींचं वेळापत्रक विचारलंय: पंधरा पुरतात. पहिल्या चार आवाजांशिवाय. चौथी फोनवर रेकॉर्ड करा आणि पुस्तक न वाचलेल्या एका माणसाला काळोख्या खोलीत ऐकवा. तो जिथे ‘हे कोण?’ विचारेल तिथे संहिता दुरुस्त करा, नटाला दोष देऊ नका. नंतरच टेबल आणा. आवाज तीसच्या आत ठेवा.

वेशभूषेत १९३८चं न्यूयॉर्क करू नका, सूट आणि टोप्यांनी नजर भलतीकडे जाते. साधे गडद कपडे पुरे. एक गोष्ट मात्र त्या स्टुडिओतली जरूर घ्या: लाल दिवा. ‘प्रक्षेपण सुरू’ लिहिलेला, माइकच्या वर. तो लागला की सभागृह आपोआप गप्प होतं, आणि शेवटी मोठ्या जिमचं बोलणं संपतं, सगळे नट माइकपासून मागे सरकतात, सूप थांबतं, पोपट काळोखात दोनदा ओरडतो, आणि तिसऱ्यांदा ओरडायच्या आत दिवा विझवा.